अनुमोदक पाहिजे

नांदेडमधल्या एका बॅडमिंटन हॉलमध्ये रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मराठवाड्यातली सगळ्यात उंच सर्व्हिस होते. ती करणारे गृहस्थ निवृत्त प्राध्यापक आहेत. आधी ते शटलची पिसं बोटांनी सारखी करतात, मग ते छातीच्या उंचीवर धरतात, एकवार छताकडे पाहतात आणि रॅकेट अशी फिरवतात की समोरच्याला वाटावं, सर खडू घेऊन फळ्यावर समीकरण लिहितायत. नियमाप्रमाणे ही सर्व्हिस फाउल आहे. समोरच्या दोघांना ते माहीत आहे. पाळीची वाट बघत बाकावर बसलेल्या सहा जणांना माहीत आहे. हॉल झाडणाऱ्या मावशींनाही माहीत असावं, कारण सर सर्व्हिसला उभे राहिले की त्या झाडू थांबवून बघतात. पण अकरा वर्षांत एकानंही 'सर, हात थोडा खाली' असं म्हटलेलं नाही.

न म्हणण्याला कारणं आहेत आणि ती भक्कम आहेत. नेटपलीकडे उभे असतात ते डॉक्टरसाहेब. त्यांना बारावीला फिजिक्स सरांनी शिकवलं. ज्यांनी आपल्याला गुरुत्वाकर्षण शिकवलं त्यांनाच 'वर' आणि 'खाली' यातला फरक समजावून सांगायचा, हे त्यांच्या जिवावर येतं. डॉक्टरांचे जोडीदार आडतवाले शेठ. शेठच्या धाकट्या मुलाची 'नीट'ची तयारी सरांच्या जावयाच्या क्लासमध्ये चालू आहे. बाकावरच्या बँकेतल्या साहेबांना शेठच्या ठेवी हव्या असतात, म्हणून शेठ ज्यांना बोलत नाहीत त्यांना साहेबही बोलत नाहीत. वकीलसाहेब फी घेतल्याशिवाय मत देत नाहीत. राहिले प्रस्तुत लेखक. त्यांच्या दहा सर्व्हिसपैकी चार नेटमध्ये जातात, तीन शेजारच्या कोर्टात आणि उरलेल्या तीन जातात कुठे याचा शोध शटल संपेपर्यंत चालतो. अशा माणसानं दुसऱ्याचा फाउल काढायला एक प्रकारचं धैर्य लागतं. ते त्यांच्याकडे होतं, हीच या लेखाची शोकांतिका.

बॅडमिंटनच्या खऱ्या सामन्यात हा प्रश्न येत नाही. तिथं उंच खुर्चीवर पंच असतो, रेषांच्या टोकांना लाइन जज बसलेले असतात आणि शिवाय सर्व्हिस जज नावाचा एक स्वतंत्र माणूस असतो, ज्याचं काम सर्व्हिस करणाऱ्याच्या हाताकडे टक लावून बघत बसणं हे आहे. एवढ्याच कामासाठी एक अख्खा माणूस! नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री दिले, पण सहाच्या बॅचला एक पंच मिळत नाही. कारण उघड आहे. पंच व्हायचं तर खेळायचं नाही, आणि महिन्याचे पैसे भरून दुसऱ्याचा खेळ कोण बघत बसणार? शिवाय मुख्यमंत्री पाच वर्षांनी तरी बदलता येतो. पंच केलेला माणूस रोज सकाळी दिसतो, संध्याकाळी भाजी घेताना दिसतो, आणि त्यानं 18-18 ला दिलेला 'आऊट' त्याच्या मुलीच्या लग्नातही निघतो.

त्यामुळे सगळा कारभार आपसात. ज्याच्या बाजूला शटल पडलं त्यानं आत की बाहेर ते सांगायचं, असा जगभरचा रिवाज आहे आणि तो आपल्याकडेही पाळला जातो, पण आपल्या पद्धतीनं. शटल रेषेवर पडतं. रेष 40 मिलिमीटर रुंद असते आणि नियमानं ती कोर्टाचाच भाग असते, म्हणजे रेषेला शिवलं तरी आत. बँकेतले साहेब वाकतात. चष्मा कपाळावर सरकवतात. ज्या बारकाईनं ते कधी कर्जाचे कागद बघत नसतील त्या बारकाईनं फरशी बघतात आणि म्हणतात, "मला तर बाहेर वाटायलंय. तुमाला आत वाटत असंल तर घ्या बापा." या 'घ्या बापा'त जे दातृत्व आहे ते पाहून समोरचा माणूस तो पॉइंट घेऊ शकत नाही. तो म्हणतो, "ऱ्हाऊ द्या, तुम्हीच घ्या." मग दोघंही एकमेकांना पॉइंट वाढतात, पंगतीत जिलेबी वाढावी तसा, आणि शेवटी 'लेट' म्हणून पुन्हा खेळतात. सगळा मनमोकळेपणा आठ पॉइंटपर्यंत असतो. 19-19 झाल्यावर हेच साहेब वाकत नाहीत. शटल हवेत असतानाच त्यांच्या तोंडून 'बाहेर' निघालेलं असतं.

बारीकसारीक नियमांची मात्र कुणी वाच्यता करत नाही. खेळाडूच्या अंगाला, रॅकेटला किंवा कपड्याला नेट लागलं तर फाउल, असं नियमांच्या पुस्तकात स्पष्ट आहे. शेठ डिसेंबरात मफलर गुंडाळून खेळतात. त्यांचा स्मॅश मारून होतो, शटल पडतं, पॉइंट मोजला जातो, आणि मग मफलरचं टोक शांतपणे नेटवरून परत येतं. प्रतिस्पर्ध्याचं लक्ष विचलित व्हावं म्हणून मुद्दाम ओरडणं हाही फाउल आहे. या नियमाची कडक अंमलबजावणी केली तर बँकेतल्या साहेबांचा एकही पॉइंट उरणार नाही. शटल समोरच्याच्या डोक्यावर असताना ते "सोडा सोडा, बाहेर!" असं इतक्या कळकळीनं ओरडतात की समोरचा खरंच सोडतो. ते आपल्याला सांगत नव्हते हे त्याला नंतर कळतं. शेठची सर्व्हिस करायची जागाही रोज रेषेच्या दोन बोटं पुढं असते. व्यापारात क्विंटलमागे कडता कापायची सवय, ती कोर्टावरही सुटत नाही.

छताचं प्रकरण वेगळं. शटल छताला लागलं तर फाउल, हा साधा नियम. पण इमारतीच्या रचनेमुळे अडथळा येत असेल तर स्थानिक संघटनेला आपला पोटनियम करायची मुभा नियमावलीनंच दिली आहे. आपल्या माणसाला 'पोटनियम' हा शब्द दिसला की काय होतं हे सांगायला नको. या हॉलच्या पत्र्याखाली लोखंडी कैच्या आहेत आणि कैच्यांवर पारवे. तेव्हा कैचीला लागलं तर लेट, पत्र्याला लागलं तर फाउल, पारव्याला लागलं तर लेट, पण पारवा उडाला तर फाउल; कारण पारवा आधीच उडाला असता तर ते पत्र्यालाच लागलं असतं. हा शेवटचा भाग वकीलसाहेबांचा. तो त्यांनी फी न घेता सुचवला, म्हणून कुणी त्याला विरोध केला नाही.

प्रस्तुत लेखकांच्या डोक्यात सुधारणेचा किडा शिरला तो एका रविवारी, नियमावली वाचताना. सर्व्हिसचा जुना नियम असा होता की शटल मारताना सबंध शटल सर्व्हिस करणाऱ्याच्या कमरेखाली पाहिजे. कंबर म्हणजे काय? तर सगळ्यात खालच्या बरगडीच्या पातळीवर शरीराभोवती कल्पिलेली रेषा. नियम लिहिणाऱ्यांनी हा मजकूर तरुण खेळाडूंकडे बघून लिहिला असणार. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाची खालची बरगडी कुठे आहे हे एक्स-रे काढल्याशिवाय डॉक्टरांनाही सांगता येत नाही, आणि कमरेचं म्हणाल तर काही जण पट्टा पोटाच्या वर बांधतात, काही खाली, आणि शेठ पट्टा बांधतच नाहीत, नाडी बांधतात. शेवटी 2018 पासून जागतिक महासंघानंही हा कंबर शोधायचा नाद सोडला आणि सरळ आकडा दिला: शटल मारण्याच्या क्षणी सबंध शटल जमिनीपासून 1.15 मीटरच्या खाली पाहिजे. म्हणजे पावणेचार फूट. माणूस सहा फुटी असो की पाच फुटी, सगळ्यांना एकच माप.

एवढं स्पष्ट माप मिळाल्यावर लेखक स्वस्थ कसे बसतील? सोमवारी ते टेलरची टेप घेऊन हॉलमध्ये गेले.

वातावरणनिर्मिती म्हणून त्यांनी आधी खेळाचा इतिहास सांगितला. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीत ब्रिटिश अधिकारी हा खेळ खेळत, इतका की त्याला 'पूना' असंच नाव पडलं होतं, आणि सुरुवातीच्या नियमांचं मूळही तिथंच सांगतात. नियम पुण्याचे आहेत हे ऐकून हॉलमध्ये कुणाला नवल वाटलं नाही. शेठ म्हणाले, "तरीच म्हणलं! दुपारी एक ते चार सर्व्हिस बंद, असं लिवलं न्हाई हेच नशीब." मग लेखकांनी भिंतीवर पावणेचार फुटांवर खडूनं खूण केली. "आता आपल्याला कळंल, कुणाची सर्व्हिस कुठून जाते," ते सगळ्यांकडे बघत म्हणाले. सगळे फरशीकडे बघत होते. सर पुढे आले, खूण नीट न्याहाळली आणि म्हणाले, "चांगलं केलंत. काही लोक फार वरून करतात." एवढं बोलून ते कोर्टावर गेले आणि खुणेच्या वीतभर वरून सर्व्हिस केली.

बाकावरची मंडळी धार्मिक शांततेत बसून राहिली.

फाउल करणाऱ्यापेक्षा फाउल काढणाऱ्याचं नाव जास्त खराब होतं, याला क्रिकेटनं मोठा पुरावा देऊन ठेवला आहे. 13 डिसेंबर 1947 ला सिडनीच्या कसोटीत विनू मंकड यांनी चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडून पुढे गेलेल्या बिल ब्राउनला धावबाद केलं. त्याच दौऱ्यात, त्याच ब्राउनला, त्याच चुकीसाठी मंकडांनी आधीही एका सामन्यात बाद केलं होतं. म्हणजे माणूस दुसऱ्यांदा सापडला. पण पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं जगानं त्या प्रकाराला नाव दिलं ते मंकडांचं. क्रीज सोडणारा ब्राउन नामानिराळा राहिला. 2022 मध्ये एमसीसीनं हा प्रकार 'अनुचित खेळ' या कलमातून काढून साध्या धावबादच्या कलमात नेला. नवं पुस्तक लागू व्हायच्या आठवडाभर आधी, 24 सप्टेंबरला, दीप्ती शर्मानं लॉर्ड्सवर शार्लट डीनला तसंच बाद केलं, तर पुन्हा चर्चा दीप्तीच्याच संस्कारांची. घरातसुद्धा दुधाचं पातेलं उघडं कुणी ठेवलं यापेक्षा 'उघडं आहे' असं कोण म्हणालं, त्यावरच भांडण होतं.

गल्लीतल्या पोरांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. गल्ली क्रिकेटमध्ये अंपायर बॅटिंग करणाऱ्यांचाच, त्यामुळे एलबीडब्ल्यू नावाची गोष्ट नाही. एक टप्पा झेल आऊट, समोरच्या गॅलरीत गेला तर आऊट, आणि चेंडू ज्यानं मारला त्यानंच काकूंकडे मागायला जायचं. नियम मोडला की शिक्षा ठरलेली, कारण अखेरचा अधिकार ज्याची बॅट त्याचा. तो रागावून घरी गेला की नियमावलीही घरी गेली. मोठेपणी प्रत्येकाकडे स्वतःची रॅकेट येते, तिथंच सगळा घोळ सुरू होतो.

स्वतःचा फाउल स्वतःच सांगण्याचा मार्गही आहे, पण त्याचे दाखले फारसे उत्साह वाढवणारे नाहीत. लेखकांनी मंगळवारी चहाच्या वेळी बॉबी जोन्सची गोष्ट सांगितली. अमेरिकन ओपन गोल्फ स्पर्धा, 1925. जोन्स फटक्याच्या तयारीत असताना त्याचा चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कुणाला तो हललेला दिसला नाही. जोन्सनं आपण होऊन एक फटका दंड घेतला. स्पर्धेअखेर बरोबरी झाली आणि जादा फेरीत तो विली मॅकफार्लेनकडून हरला.

"एका फटक्यानं?" शेठनं विचारलं.

"एका फटक्यानं."

"आन् कुणी बघितलं नव्हतं?"

"कुणीच नाही."

शेठ बराच वेळ कपाकडे बघत राहिले. मग हळहळून म्हणाले, "घरचे काय म्हणले असतील हो त्याला?"

परका दाखला पटत नसेल तर घरचा घ्या, म्हणून लेखक वानखेडेवर आले. फेब्रुवारी 1980, सुवर्णमहोत्सवी कसोटी. इंग्लंडची अवस्था 5 बाद 58 झालेली. थोड्या वेळानं पंचांनी बॉब टेलरला झेलबाद दिलं. चेंडू बॅटला लागला नव्हता अशी खात्री झाल्यावर भारताचा कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथनं टेलरला परत बोलावलं. केवढं मोठं मन! "मग?" बँकेतल्या साहेबांनी विचारलं. मग टेलर आणि बोथम यांनी 171 धावांची भागीदारी केली. "मग?" मग इंग्लंड 10 विकेट्सनी जिंकलं. हॉलमध्ये सर्वांचे चेहरे उजळले. त्या दिवसापासून कुणीही प्रामाणिकपणाचा आग्रह धरला की बाकावरून आवाज येतो, "विश्वनाथ झाला का रे!"

इथं डिस्क गोल्फचा प्रवेश होतो. लेखकांचा पुतण्या टेक्सासमध्ये नोकरीला आहे. रविवारी फोनवर तो सांगू लागला की तिथं बागेत, झाडाझुडपांतून प्लास्टिकची तबकडी फेकत फेकत साखळ्या लावलेल्या टोपलीत टाकायचा खेळ असतो. गोल्फसारखाच, फक्त काठी आणि श्रीमंती लागत नाही. या खेळाचे जनक मानले जाणारे एड हेड्रिक यांनी 1976 मध्ये त्याची संघटना काढली, आणि 2002 मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा मिसळून तबकड्या बनवल्या गेल्या. (हे ऐकल्यावर प्राध्यापकांची सर्व्हिस हा अगदीच सौम्य छंद वाटतो.) पंच जवळपास नसतोच. चार जणांचा गट हिंडतो आणि एकमेकांवर लक्ष ठेवतो. फेकायला 30 सेकंद. आधीची तबकडी पडली तिथं खूण ठेवायची आणि खुणेमागच्या ठरावीक चौकटीत पाय ठेवून फेकायचं. पाय चुकला तर गटातल्या कुणीही ते बोलून दाखवायचं, पण एकट्याच्या बोलण्याला किंमत नाही. दुसऱ्या कुणीतरी दुजोरा दिला तरच दोष मान्य.

"म्हणजे सूचक आणि अनुमोदक!" लेखक फोनवर ओरडले. सहकारी सोसायटीच्या सभेत वाढलेल्या माणसाला ही पद्धत अमेरिकेची वाटलीच नाही.

"हो काका. पण गंमत सांगू का? मागच्या आठवड्यात आमच्यात एकाचा पाय हातभर बाहेर होता. मी म्हणालो, फाउल. बाकीचे दोघं झाडाकडं बघायलेत."

"मग?"

"मग काय, झाड खरंच चांगलं होतं."

पुतण्याचा अनुभव बोधप्रद होता, पण लेखकांनी त्यातला बोध सोडून पद्धत तेवढी उचलली. बुधवारी त्यांनी सभेपुढे ठराव मांडला: यापुढे कुणीही कुणाचाही फाउल पुकारू शकेल, मात्र अनुमोदक पाहिजे. ठराव एकमतानं मंजूर झाला. ठरावाला अनुमोदक मिळवायला काहीच त्रास पडला नाही. आठच्या आठ हात वर गेले. आपल्याकडे नियम करण्यात कुणाची आडकाठी नसते.

पहिल्या दिवशी लेखकांनी शेठचा पाय पुकारला. अनुमोदक नाही. शेठनं लेखकांचा पाय पुकारला. तीन अनुमोदक. दुसऱ्या दिवशी साहेबांनी वकिलांचं नेट पुकारलं आणि अनुमोदनासाठी शेठकडे पाहिलं; शेठनं मफलर सावरत विचारलं, "तुमी माझ्या ओरडण्याला... म्हणजे मी तुमच्या ओरडण्याला... कसं करायचं सांगा." शुक्रवारपर्यंत हॉलमध्ये दोन गट पडले होते. एक अनुमोदन दिलं की एक परत घ्यायचं, असा उघड उसनवारीचा व्यवहार सुरू झाला. वकीलसाहेबांनी तोंडी अनुमोदन ग्राह्य धरायचं की हात वर केलेलं, हा मुद्दा काढला. मग गुप्त मतदान हवं अशी मागणी आली. शनिवारी सात वाजता, म्हणजे पुढच्या बॅचला कोर्ट द्यायच्या वेळी, गुणफलक होता 3-2. दोनही बाजू घामानं निथळत होत्या, पण खेळून नव्हे. आणि या सगळ्या आठवड्यात नऊ जणांच्या पायांवर, मफलरांवर, आरोळ्यांवर ठराव आले, पण एक विषय कुणी पटलावर घेतला नाही. सर रोज सहा दहाला छातीच्या उंचीवरून सर्व्हिस करत होते.

पुढचा रविवार लातूरचा होता. लातूरच्या एका बॅचशी मैत्रीपूर्ण सामना ठरला होता. नांदेड आणि लातूर यांच्यात 'मैत्रीपूर्ण' या शब्दाला किती वजन आहे ते महसूल आयुक्तालयाचा विषय काढला की कळतं. 2009 मध्ये ते नांदेडला करायचा निर्णय झाला, लातूरनं हरकत घेतली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि आजही दोन्ही गावच्या चहाच्या टपऱ्यांवर त्याचा निकाल रोज वेगवेगळा लागतो. दोन गाड्या लोहा, अहमदपूर, चाकूर करत निघाल्या. वाटेत सगळ्यांनी मिळून ठरवलं की आयुक्तालय हा शब्द काढायचा नाही. लातूरच्या यजमानांनी स्वागतालाच काढला. "या या, आयुक्तालय तिकडं ठेवून आलात का संगं?"

नाश्ता उत्तम होता, यात वाद नाही. गंजगोलाईही दाखवली. मधोमध गोल आणि त्यातून फुटणारे सोळा रस्ते. शटललाही बरोबर सोळाच पिसं असतात, हे सरांनी तिथं उभं राहून सांगितलं. लातूरचे यजमान क्षणभर भारावले आणि मग म्हणाले, "म्हणजे बॅडमिंटनबी मूळ लातूरचंच म्हणायचं." तिथल्या कोरड्या हवेत पिसं लवकर तुटतात, म्हणून काही खेळाडू आदल्या रात्री शटलला वाफ देतात. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं शहराला पाणी आलं तेव्हाही इथला एक जण लपूनछपून शटलला वाफ देत होता, अशी कुजबुज ऐकू आली. तो कोण, हे कुणी सांगितलं नाही. लातूरलाही अनुमोदक मिळत नाहीत, हे लेखकांनी मनात टिपून ठेवलं.

सामना दुहेरीचा. सर आणि डॉक्टर एका बाजूला, समोर लातूरचे दोघं: एक क्लासवाले सर आणि एक तरुण इंजिनिअर. पहिला गेम लातूरनं घेतला, दुसरा नांदेडनं. तिसऱ्यात 17-17. सर सर्व्हिसला उभे राहिले. पिसं सारखी केली. छताकडे पाहिलं. सर्व्हिस केली. पॉइंट नांदेडला.

"एक मिनिट," तो इंजिनिअर मुलगा म्हणाला. "सर, तुमची सर्व्हिस वरून जायलीय."

हॉलमध्ये पडलेल्या शांततेचं वर्णन करणं कठीण आहे. अकरा वर्षं जे वाक्य नांदेडच्या आठ माणसांच्या ओठांवर येऊन परत गेलं होतं, ते एका परक्या पोरानं चहाचा कप मागावा इतक्या सहज म्हटलं होतं. लेखकांना वाटलं, झालं. आता तरी आपल्या मंडळींची सुटका झाली.

"वर कुठंय?" शेठ बाकावरून उठले. "बरोबर कमरेत हाय!"

"अकरा वर्षं बघायलोत आमी," बँकेतले साहेब म्हणाले. "एकदाबी वर गेली न्हाई."

डॉक्टरांनी खालच्या बरगडीचं शास्त्रीय स्थान सांगायला सुरुवात केली. वकीलसाहेब कोर्टात उतरले आणि आक्षेप पहिल्या सर्व्हिसला घ्यायला हवा होता, आता मुदत टळली, असं म्हणाले. कुणी फी विचारली नाही, त्यांनी मागितली नाही. आठवडाभर एकमेकांच्या पायांवर ठराव आणणारे दोन्ही गट खांद्याला खांदा लावून उभे होते. 'अनुमोदन!' 'अनुमोदन!' असे हात वर होत होते. आणि सगळ्यात उंच हात, हे कबूल केलंच पाहिजे, प्रस्तुत लेखकांचा होता. त्यांच्या खिशात टेलरची टेप होती. ती त्यांनी अंगठ्यानं आणखी आत ढकलली.

गोंधळ थांबला तो सरांच्या आवाजानं. वर्गात मागच्या बाकावर बडबड चालू असताना लावायचा तो आवाज.

"मुलगा बरोबर म्हणतोय. वरच जाते."

सगळे गप्प.

"अकरा वर्षं वरच जाते. तुम्ही कुणीच काही बोलला नाहीत, म्हणून मला वाटलं, नियम बदलला असेल."

पॉइंट लातूरला देण्यात आला. त्यानंतर सरांनी 1.15 मीटरखालून, अगदी नियमाबरहुकूम सर्व्हिस केल्या. पहिली नेटमध्ये गेली. दुसरी डॉक्टरांच्या पाठीवर बसली. सामना लातूरनं जिंकला. निरोप घेताना यजमान म्हणाले, "आयुक्तालय तुमी घ्या, सामना आमी ठेवतो." परतीच्या प्रवासात चाकूरपर्यंत कुणी बोललं नाही. अहमदपूरला चहाला थांबल्यावर शेठनं हळूच विचारलं, "विश्वनाथचं वय किती होतं हो तवा?"

सोमवारी सकाळी सहा दहाला सर खालून सर्व्हिस करायला उभे राहिले आणि सलग पाच शटल नेटमध्ये घातली. सहाव्या वेळी डॉक्टर नेटपाशी गेले, घसा साफ केला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा सरांना त्यांच्या सर्व्हिसबद्दल बोलले. "सर," ते म्हणाले, "हात थोडा वर घेता का?" ठरावाला सूचक डॉक्टर, अनुमोदक शेठ. सर्वानुमते मंजूर.

भिंतीवरची पावणेचार फुटांची खडूची खूण मावशींनी पुसली, पण त्याच उंचीवर लेखकांनी बांधलेली दोरी अजून आहे. तिच्यावर टॉवेल वाळतात. तेव्हा वाचकांपैकी कुणाला पंचाच्या कामाची हौस असेल तर त्यांनी सकाळी सहाला जरूर यावं. खुर्ची देऊ, चहा देऊ, शेठचा मफलरही देऊ. सरांच्या सर्व्हिसबद्दल काही बोलायचं असेल तर मात्र अनुमोदक बरोबर घेऊन यावं, आणि तो शक्यतो लातूरचा असावा.